काकूने ओहोळ घासून काढला

पाहुणे येणार म्हटलं की आमच्या काकूला घरात माणसांखेरीज काहीही जिवंत चालत नसे. कोळिष्टकं खाली यायची, पाली हाकलल्या जायच्या, मुंग्यांच्या वाटेवर हळदीची रेघ पडायची. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरीही पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आपला ओहोळ तपासायला येणार आहेत, हे मी तिला आदल्या दिवशी सांगून मोकळा झालो आणि निवांत झोपलो. मी सायन्सचा पदवीधर. परिणामांचा विचार आम्ही प्रयोग झाल्यावर करतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बोईसरच्या एका कारखान्यात मी स्टोअरमध्ये होतो, म्हणजे नटबोल्ट मोजत होतो. राहायला मात्र काका-काकूंकडे, पाम गावाच्या वाटेवरच्या वाडीत. वाडी म्हणजे चिकू, नारळ, थोडी केळी आणि काकाचा जीव की प्राण असलेला पानवेलीचा मळा. वाडीच्या कडेने ओहोळ. पावसाळ्यात तो अंगावर यायचा, थंडीत मात्र अगदी शहाण्यासारखा दगडांतून वाट काढत जायचा. होता तो लहानसाच. वर रस्त्याच्या मोरीपलीकडे शेतातला नुसता पाझर, आणि खाली बांधाच्या पुढे भरतीचं खारं पाणी चढायचं. मोरी ते बांध एवढाच काय तो खरा गोडा ओहोळ. आमची विहीर त्याच्या काठाला लागूनच. ओहोळाचं पाणी जमिनीतून विहिरीत झिरपे, विहिरीचं पानवेलीला जाई. त्यामुळे ओहोळ बिघडला की विहीर गेली, आणि विहीर गेली की मळा गेला, हे सांगायला काकाला सायन्स लागत नव्हतं.

तो बिघडणार अशी चिन्हं दिसू लागली होती. मोरीजवळच्या जमिनीत काकाच्या चुलत भावाने भाड्याने द्यायला चाळ बांधली होती. कारखान्यांमुळे बोईसरला माणसांची रीघ लागली होती, आणि प्रत्येकाला झोपायला एक खोली हवी होती. आमच्या या चाळवाल्या काकाने हौसेने जागेच्या टोकापर्यंत खोल्या काढल्या, आणि सांडपाणी कुठे जाणार हे त्याच्या लक्षात पहिलं बिऱ्हाड आलं तेव्हा आलं. पाणी दारातच तुंबायचं. डास व्हायचे, पोरं तापाने फणफणायची. त्याने पंचायतीत अर्ज टाकला, की गटार बांधून ओहोळात सोडायला परवानगी द्या.

पंचायतीत काका उठून भांडला. चाळवाला काका म्हणाला, "अरे, तो ओहोळ हाय कुठे आता? मेलाय तो. करंगळीएवढी धार. त्यात गटार सोडलं काय, नाय सोडलं काय."

"मेलाय? तुला कोण बोलला मेलाय? तू काय नाडी बघितलीस?"

"तू बघितलीस काय?"

सरपंच दोघांचेही नातेवाईक. आमच्याकडे सगळेच सगळ्यांचे असतात. त्यांनी तोडगा काढला, की कुणीतरी शिकलेला माणूस आणा, तो सांगेल ओहोळ जिवंत आहे की मेलेला, मग ठरवू. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही मान डोलावली. बेडूक कापताना मला चक्कर आली होती आणि पुढचा सगळा अभ्यासक्रम मी वहीत चित्रं काढून पार पाडला होता, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. सुदैवाने तेव्हा माहेरी असलेल्या माझ्या बायकोची एक कॉलेजातली मैत्रीण पालघरला शिकवत होती. मी तिच्याकडे धावलो. बाई आनंदाने हो म्हणाल्या. वर्गातल्या मुलांनाही त्या असे ओढे दाखवायला न्यायच्या.

ठरल्या सकाळी मी मोपेड घेऊन बोईसर स्टेशनवर गेलो. बाई उतरल्या त्या हातात लांब दांड्याची जाळी, पिशवीत पांढरा एनॅमलचा ट्रे, थर्मामीटर आणि भिंग घेऊन. नाक्यावर चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या कामगारांपैकी एकाने विचारलं, "भाईसाब, इतनी छोटी जाली में क्या मिलेगा?" मी उत्तर न देता रुबाबात मोपेडला किक मारली. ती चालू झाली नाही. त्या कामगारांनी ढकलली, तेव्हा झाली.

वाटेत मी मागे वळून वळून बाईंना ओहोळाची थोरवी सांगत होतो. दगड उचलला की खाली काहीतरी हललंच पाहिजे, पाण्यावर लांब पायांचे किडे घसरत असतात, पाल्याखाली कोळंबी. बाई म्हणाल्या, "तेच बघायचंय. बाटलीत पाणी भरून नेलं तर त्या दिवसाचं कळतं. पण दगडाखाली जे राहतात ते बारा महिने तिथेच असतात. पाणी बिघडलं की नाजूक असतात ते आधी जातात, चिवट मागे उरतात. कोण राहिलंय आणि कोण गेलंय, यावरून ओढ्याची तब्येत कळते. आणि तुम्ही कृपा करून पुढे बघा."

मी पुढे बघितलं तेव्हा वाडी आली होती.

ओहोळाच्या काठावर रांगोळी होती. काठावरचं गवत कापलेलं, अळूची पानं उपटलेली. पाण्यातले दगड एका रांगेत, लख्ख. काकू पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती आणि शेवटचा दगड नारळाच्या सोडणाने घासत होती. पलीकडे शेजारच्या दोघी खराट्याने तळ झाडत होत्या. मोरीपासून बांधापर्यंत ओहोळ लग्नाच्या पंगतीआधी मांडवातली जमीन दिसते तसा दिसत होता. आणि काठावर ब्लीचिंग पावडरची पिशवी.

"या बाई," काकू म्हणाली, "जरा उशीर झाला असता तर बरं झालं असतं. पावडर टाकायची राहिलीय."

"नको!" मी आणि बाई एकदम ओरडलो. माझा आवाज इतका चिरकला, की चिकूवरचा कावळा उडाला.

काकूचा चेहरा पडला. तिला वाटलं, कमी पडलं. "पहाटेपास्नं घासतोय आमी. सगळी घाण काढली. काळा पाला, शेवाळ, ते दगडाला चिकटलेलं काय काय. एक किडा शिल्लक असेल तर नाव बदला माझं."

मी कपाळाला हात लावला.  शेवटी बाईंनीच सांगितलं, हळू आवाजात, की त्या किडेच बघायला आल्या होत्या.

काकूने हातातलं सोडण काठावर टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काल नुसतं 'तपासायला' बोललास. किडे बघायला येणार, असं बोलायला तुझ्या जिभेला काय काटा रुतला होता?"

एवढ्यात काका आणि चाळवाला काका दोघेही वाडीतून आले. सरपंचांनी सांगितलं होतं, तपासणी दोघांच्या डोळ्यांदेखत व्हायची. बाईंनी साडी वर खोचली, पाण्यात उतरल्या, जाळी तळाला टेकवून तिच्यापुढचे दगड हलवले आणि जाळी ट्रेमध्ये उलटी केली. स्वच्छ पाणी आणि थोडी वाळू. दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या जागी एक चिवट गोगलगाय, जी बहुधा काकूच्या खराट्यालाही पुरून उरली होती.

"बघा," चाळवाला काका म्हणाला. आवाजात विजय नव्हता, तेही सांगितलं पाहिजे. त्याला कालच एका भाडेकरणीने दारात अडवून विचारलं होतं, "भैया, बच्चे को लेके कहाँ बैठूँ? दरवाजे पे तो गंदा पानी है।" तो नुसता थकलेला होता. "बघा, काय नाय त्यात. मी बोललो होतो."

 काका विहिरीकडे गेला आणि कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. पानवेलीला पाणी द्यायची वेळ झाली होती, पण त्याने रहाटाला हात लावला नाही. मी त्याला आयुष्यात एवढा गप्प कधी पाहिला नव्हता. आमचा काका जेवतानाही भांडणाऱ्यांपैकी.

बाई पाण्यातून वर आल्या आणि काकूला विचारलं, "काकू, काढलेला पाला कुठे टाकलात?"

"कुठे टाकणार? केळीच्या बुंध्यात. चांगलं खत होतं."

"आज सकाळचाच ना? ओला असेल अजून?"

केळीच्या पट्टीत सावलीत काळ्या चिकट पाल्याचा ढीग पडला होता. शेवाळ, मुळं, कुजकी पानं, काड्या, वर दगडगोटे. ढिगातून पाणी अजून निथळत होतं. बाई तिथेच उकिडव्या बसल्या, मूठभर पाला ट्रेमध्ये टाकला, वर पाणी ओतलं आणि वाट बघितली. मीही वाकलो. आधी काहीच नाही. मग पाल्याची एक काडी चालायला लागली.

"हा बघा, चतुराचा बच्चा," बाई म्हणाल्या.

काका विहिरीपासून धावत आला.

"पण हे पुस्तकाप्रमाणे नाही," बाईंनी आधीच बजावलं. "कुठल्या जागेवरचा कोण, ते आता सांगता येणार नाही. मी तसं सांगणारच. पण ओहोळात कोण कोण राहतं एवढं तर यातून नक्की कळेल. मात्र सगळा ढीग निवडायला लागेल, आणि लवकर, नाहीतर सुकून मरतील."

निवडायचं हा शब्द ऐकताच काकूच्या अंगात जीव आला. तिने घरातल्या सगळ्या पराती, ताटं, कढई, पुरणाचं यंत्र सोडून काय असेल ते बाहेर काढलं. केळीखाली चटया पडल्या. समुद्राजवळच्या घरात बायका जन्मभर बारीक मासळी निवडत आलेल्या. कोलीम, करंदी, जवळा, आणि त्यातला कचरा, खडे, काड्या. इथे उलटं होतं, कचऱ्यातून जीव काढायचे, पण बोटं तीच. काकू आणि शेजारच्या दोघी सुरू झाल्या, आणि बाई बघतच राहिल्या. त्यांच्या वर्गातली मुलं म्हणे एका ट्रेला तास लावतात.

मला कढई दिली होती. माझ्या कढईतून मी अभिमानाने एक दुर्मीळ प्राणी बाईंना दाखवला. तो चिकूचा देठ निघाला. दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा बाई म्हणाल्या, "हाही देठच आहे, पण वेगळा." मग मी पाणी आणायचं काम घेतलं.

तेवढ्यात तारापूरकडून मासे घेऊन येणारी मावशी डोक्यावर पाटी घेऊन वाडीत शिरली. चटयांकडे बघून ती थबकली.

"आगो बाय माझे! मी एवडी ताजी करंदी आणलीय, नि तुमी पाल्यातली निवडताय? असा काय दुष्काळ पडला?"

"खायला नाय," काकू म्हणाली, "बघायला."

"बघायला? माझी करंदी नुसती बघून पोट भरत असतं तर मी गावभर कशाला फिरले असते?" असं म्हणत तिने पाटी खाली ठेवली, एक परात ओढली आणि बसली. तिचं बोलणं आणि बोटं दोन्ही थांबत नव्हती. "हा लाल वळवळतोय तो कुठे टाकू? शी बाय."

"तो इथे," बाई म्हणाल्या. "तो जास्त असला की समजायचं, पाणी बिघडतंय."

लाल वळवळणारे होतेच, ढिगाच्या वरच्या थरात भरपूर, आणि तो थर मोरीकडचा, असं काकूला आठवत होतं. चाळीचं पाणी थोडं थोडं तिकडून झिरपत असणार. काकाने ते पाहिलं आणि चाळवाल्या काकाकडे पाहिलं, पण बाईंनी हाताने थांब म्हटलं. बाकी वाट्यांमध्ये गोगलगायी जमल्या, बारीक काचेसारखी कोळंबी, पाण्यातले भुंगे, एक रागावलेला खेकडा. तीन शेपट्यांचा चपटा नाजूक किडा निघाला तेव्हा बाईंचा चेहरा उजळला, पण तो एकटाच निघाला. "अजून एखादा नाजूक प्रकार मिळाला, तर मला ठामपणे बोलता येईल," त्या म्हणाल्या. "वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी करून राहणारी एक अळी असते. पाणी चांगलं असलं तरच टिकते. डोळ्यांना नुसता वाळूचा तुकडा वाटतो."

सगळे त्या नळीच्या मागे लागले. मावशीने तर करंदीचं गिऱ्हाईक विसरून ढिगाच्या तळाशी हात घातला. चाळवाला काका इतका वेळ केळीला टेकून उभा होता. उभं राहून पाय दुखले असतील किंवा नुसतं बघणं जमेना, तो चटईच्या कडेला बसला.  काकूने त्याच्यापुढे एक ताट सरकवलं, जसं जेवायला सरकवतात.

तो लांबचं चांगलं बघणारा माणूस. ताट हात लांब करून धरायचा, डोळे बारीक करायचा. थोड्या वेळाने तो थांबला. ताटात बोटाने काहीतरी हलवलं. पुन्हा हलवलं. मी पाण्याची कळशी घेऊन त्याच्या मागेच उभा होतो, म्हणून मला दिसलं. वाळूची एक बारीक नळी होती, आणि तिच्या टोकातून एक काळं डोकं आत-बाहेर करत होतं.

त्याने मान वर करून चाळीकडे पाहिलं. तिथे एक भाडेकरीण दारातल्या पाण्यात विटा टाकून त्यांवरून पलीकडे जात होती. ताटातलं पाणी पाल्यासकट बाजूला ओतून टाकायला त्याला काहीच लागलं नसतं. आम्ही सगळे आपापल्या ताटात डोकं घालून होतो.

"बाई," तो म्हणाला, "हा बघा. नळीवाला."

मग सगळ्यांनी तो बघितला. भिंगातून, भिंगाशिवाय, मावशीने तर दोनदा. बाईंनी ट्रे खाली ठेवला आणि दोन्ही काकांना समोर बसवून सांगितलं, "ओहोळ आजारी आहे. बहुधा मोरीकडची बाजू जास्त. पण मेलेला नाही. हे दोन नाजूक किडे अजून राहतात म्हणजे पाण्यात जीव आहे. मी पंचायतीत असंच सांगणार, आणि गटार सोडलं तर हे आधी जातील, हेही सांगणार."

काका उठला, पण त्याने जल्लोष केला नाही. चुलत भावाच्या समोर कसं करणार? तो पुन्हा बसला.

"बरं," चाळवाला काका म्हणाला. "ओहोळ जिवंत. मग माझी माणसं? ती कशी जगणार? माझ्या जागेत आता खड्डा काढायला पण जमीन नाय. मी काय खोल्या पाडू?"

 काका हाताने जमिनीवर रेघा मारत बसला. बाईंनी शोषखड्ड्याबद्दल सांगितलं, की खोल खड्डा, विटांचे तुकडे, वाळू, आणि ओहोळापासून आणि विहिरीपासून लांब. "पण लांब जागा कुठली?" काका म्हणाला. "एका बाजूला मळा, दुसऱ्या बाजूला चिकू. चिकू उपटायचे म्हणजे..." त्याला वाक्य पुरं करवेना.

"केळीच्या पट्टीत काढा," काकू म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. आम्ही त्याच पट्टीत बसलो होतो. ती काकूची होती. वाडीतली बाकी जमीन काकाची, पण ही कडेची पट्टी तिने लग्न झाल्यावर स्वतः माती भरून केली होती. तिथली वेलची केळी कुणाला विकली जायची नाहीत. सत्यनारायणाला, बाळंतिणीला, माहेरी जाणाऱ्या सुनेला जायची. पट्टी चाळीला लागूनच होती आणि ओहोळ-विहिरीपासून दूर.

"अगं, पण केळी?" काका म्हणाला.

"दुसऱ्या कडेला लावीन. केळीला काय, मूळ दिलं की येते." मग तिने आवाज चढवला, कारण डोळे भरल्याचं कुणाला दिसू नये म्हणून ती नेहमी आवाज चढवते. "नि आता बसून काय राहिलात? हा पाला परत ओहोळात घाला! सकाळपास्नं त्यांना घराबाहेर काढलंय."

पाला परत गेला. काकू स्वतः टोपली पाण्यात ओतत होती आणि प्रत्येक टोपलीमागे पुटपुटत होती, "एवढी मेहनत, एवढी मेहनत." मावशीची करंदी काकूने सगळीच घेतली, आणि बाईंना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बाईंनी पानातली करंदी आधी थोडा वेळ निरखली. मावशी म्हणाली, "ही खायची हाय बाय, तपासायची नाय."

गटाराचा अर्ज मागे घेतला गेला आणि पुढच्या आठवड्यात खड्डा सुरू झाला. चाळवाल्या काकाने चाळीतल्या माणसांना घेऊन तो खणला. मलाही कुदळ मिळाली आणि पहिल्याच सकाळी हाताला फोड येऊन फुटले. फोड बघून काकू म्हणाली, सायन्सवाल्याला रक्त पण येतं वाटतं. केळी तोडताना चाळवाला काका एका घडापाशी थांबला. "वहिनी, हा पिकू देऊ का? चार दिवस थांबतो मी." काकू म्हणाली, "नको. कच्चीच काढ. भाजी करून खोल्यांत वाट, त्यांनी पण खाऊ दे." त्याने घड उतरवून खांद्यावर घेतला. मग चाळीकडे गेला.

तेव्हापासून काकू सकाळी ओहोळाकडे जायला लागली. कुणी विचारलं तर भांडी आणायला, तांब्या विसरला होता, असं काहीतरी सांगायची. खराटा मात्र नेत नसे. आम्हाला कळायचं, ती दगड उचलून खाली बघते. दगड परत तसाच ठेवायची, जिथून उचलला तिथेच, आणि कुणी मुलगा पाण्यात दगड मारताना दिसला तर पार बांधापर्यंत त्याच्या मागे जायची.

चाळीच्या दारातलं पाणी आटलं होतं तोवर. एका सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि ओहोळावरून तिची हाक आली, "अहो, या लवकर! चपला घालू नका, हळू या!"

काका कप तसाच ठेवून गेला. मी मागोमाग. ती पाण्यात उकिडवी बसली होती, दोन्ही हातांत दगड उलटा धरून. काका तिच्या शेजारी बसला आणि दोघं त्या दगडावर इतकी वाकली, की त्यांची डोकी एकमेकांना लागली.

"दिसला नळीवाला?"

"दिसला. दोन हायत."

"दोन कुठले, तीन."

मी खांद्यावरून वाकून बघितलं. मला ओला दगड दिसत होता. चष्मा चहाच्या टेबलावर राहिला होता.

"किती गोड," मी म्हटलं.

"गप," काकू म्हणाली, "तुला काय दिसत नाय."